दोषाचा वाटा आणि क्षमेचा वाटा

कोकणातून आळंदीस जाणाऱ्या दिंड्या कार्तिक वद्यात बोरघाट चढून खंडाळ्यास येतात. घाट चढून वारकरी दमलेला असतो, वर थंडी पडू लागलेली असते. तरी रात्री मृदंगावर थाप पडली की पायांचे दुखणे पळते. गेल्या वर्षी अशाच एका मुक्कामी आमची कीर्तनसेवा झाली. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, सतरंज्या गोळा होऊ लागल्या. पण एक वृद्ध माळकरी खांबाला टेकून बसून राहिले होते. आम्ही जवळ गेलो तसे ते उठले, पाया पडले, आम्हीही त्यांच्या पाया पडलो. मग म्हणाले, “महाराज, एक विचारायचं होतं. गळ्यात माळ घातलेल्या माणसानं मेलेल्या लेकाचे पैसे मागावेत का?”

सज्जनहो, पन्नास वर्षे शास्त्राची पाने चाळली, पण या प्रश्नाला त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते. खोटे का सांगावे? आम्ही त्यांना बसवून घेतले आणि सगळी हकीकत विचारली.

त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. खंडाळ्यातच एका बंगल्यावर माळीकाम करी. महिना पंधरा हजार मिळत. घरी बायको, दोन लहान लेकरे, आई आणि हे. श्रावणातली पहाट. खंडाळ्याचे धुके ज्याने पाहिले आहे त्याला सांगावयास नको. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मुलगा मोटारसायकलवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने कामावर निघाला होता. वळणावर समोरून एक मोटार ट्रकला मागे टाकण्याच्या घाईत मधली पांढरी रेघ ओलांडून त्याच्या बाजूस आली. धडक बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे आटोपले.

मोटार चालविणारा पळाला नाही, हे त्याच्या पदरी घालावयास हवे. तो थांबला, त्यानेच माणसे बोलावली. तेराव्याला तो या घरी आला, यांच्या पायावर डोके ठेवून रडला. यांनी त्याला उठविले आणि म्हणाले, “जा बाबा, मी तुला माफ केलं.”

त्यानंतर तीन माणसांनी या म्हाताऱ्या जिवास तीन बाजूंनी ओढले. गावच्या भजनी मंडळातले एक वडीलधारे म्हणाले, “प्रारब्ध होतं, घडलं. रक्ताचा पैसा घरात आणू नका.” मोटारवाल्याचे एक नातेवाईक म्हणाले, “तुम्ही माफ केलंत ना? मग आता दावा कसला लावता?” आणि तिसरा, कोर्टकचेऱ्यांतून फिरणारा एक गृहस्थ, कानाशी लागून म्हणाला, “दावा लावा, भरपूर मिळेल; फक्त दिवा चालू होता असं सांगा.”

“कसला दिवा?” आम्ही विचारले.

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “महाराज, पोराच्या गाडीचा पुढचा दिवा आठ दिवस गेलेला होता. मला ठाऊक होतं. मी त्याला म्हणालोही होतो, बल्ब बदल. तो म्हणाला, पगार झाला की बदलतो. मीच दीडदोनशे रुपये दिले असते तर?”

तेव्हा कोठे आम्हास कळले की, प्रश्न पैशाचा नव्हता. त्या माणसाला कोणीतरी हिशेब करून सांगावयास हवे होते की या मरणात दोष कोणाचा, किती, आणि त्याचा स्वतःचा वाटा केवढा. आम्ही म्हणालो, “माउली, रात्रभर विचार करू द्या. सकाळी दिंडी निघण्यापूर्वी या.” आमच्या दिंडीत एक वकील माळकरी होते, त्यांना उठवून आम्ही कायद्याची बाजू समजून घेतली. तो रात्रीचा विचार आणि सकाळचे उत्तर वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. मोटारसायकल घरोघर आली आहे, आणि तिच्यामागून हा प्रश्नही.

पहिला पूर्वपक्ष प्रारब्धाचा. हा पक्ष आपल्याच घरातला आहे, म्हणून त्याच्याशीच आधी भांडले पाहिजे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्म घडण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वर महाराजांनी या पाचांचे मोठ्या विस्ताराने विवरण केले आहे. आता हे खंडाळ्याच्या वळणावर लावून पाहा. रस्ता हे अधिष्ठान. वाहन हाकणारा तो कर्ता. चाक, ब्रेक, दिवा ही साधने. रेघ ओलांडून पुढे जाणे ही हालचाल. यानंतर दैवाचा क्रमांक. भगवंतांनी दैव पाचवे सांगितले; पहिल्या चारांना गिळून टाकणारे एकच एक असे सांगितले नाही. आणि शंकराचार्यांच्या भाष्यात तर तेथे दैव शब्दाचा अर्थ नशीब असा केलेलाच नाही. डोळे वगैरे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता असा केला आहे. मग जो मनुष्य अपघात पाहताच ‘दैव’ म्हणून हात झटकतो, तो गीतेचा आधार कसा घेणार? चार कारणे तपासल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविणे हा आळस आहे, वैराग्य नव्हे.

दुसरे असे की, प्रारब्ध हा शब्द ज्याचे त्याने स्वतःसाठी वापरावयाचा आहे. माझे दुःख मी प्रारब्ध म्हणून सोसतो, हे भक्ताचे धैर्य झाले. दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘तुझे प्रारब्ध’ म्हणणे हा निष्ठुरपणा होय. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात पंढरपूरहून आळंदीस निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत एक जेसीबी यंत्र शिरले. नामदेवरायांच्या वंशातील एक तरुण महाराज त्यात गेले, आणखी एक वारकरी गेले, कितीतरी जखमी झाले. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या मावळातच, साते गावाजवळ, आळंदीस चाललेल्या दिंडीत पिकअप गाडी घुसली. हातात टाळ, मुखात नाम, आणि मागून लोखंड. त्यांना कोणी म्हणेल काय, की तुमचेच पूर्वकर्म? म्हणणाऱ्याची जीभ अडखळेल. मग खंडाळ्याच्या माळ्याच्या पोराला म्हणताना ती का अडखळू नये? येथे आम्हासही कबुली दिली पाहिजे. आम्हीही आजवर अशा कित्येक घरी जाऊन ‘प्रारब्ध’ हा एक शब्द ठेवून चहा पिऊन उठून आलो आहोत. आता त्याची लाज वाटते.

बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की, इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती एका धनगराने दाखविली, आणि काम झाल्यावर त्यालाच त्यांनी मारले. आजही जाणारा-येणारा त्याच्यापुढे नाणे टाकतो. टाकावे, आम्हीही टाकतो. पण शिंगरोबाला नाणे टाकून ब्रेक दुरुस्त होत नाही आणि गेलेला दिवा पेटत नाही. आणि त्या कथेतली खरी वेदना कोणती? वाट दाखविणाऱ्याच्या जिवाचा हिशेब कोणी केला नाही, ही. लोकांनी देऊळ बांधून तो हिशेब आपल्या परीने चुकता केला.

आता दोष कसा ठरवावा? आपल्या जुन्या ग्रंथांत हा विचार नाही असे नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा स्वतंत्र विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, दोर तुटला, अथवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले असेल, तर दंड नाही. हाकणारा अडाणी असेल तर त्याला गाडीवर ठेवणाऱ्या मालकाला दंड. हाकणारा जाणता असून चुकला तर दंड त्याला. तेथेच असेही सांगितले आहे की, दुसऱ्याला इजा केली तर त्याला बरे करण्याचा खर्च द्यावा. आणि दुसऱ्याची वस्तू जाणून वा नकळत बिघडविली तरी धन्याचे समाधान करावे आणि राजालाही द्यावे. त्या ग्रंथात दंडाला वर्णाचे माप लावले आहे, ते वारकऱ्याला मान्य नाही. विठ्ठलाच्या वाळवंटात ते माप केव्हाच मोडले. पण दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत. एक, चूक कोणाची हे तपासून ठरवावयाचे असते. दुसरी, राजाला द्यावयाचा दंड वेगळा आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे समाधान वेगळे.

आजचा कायदा याच वाटेने बराच पुढे आला आहे. ब्रेक अचानक गेला, एवढे म्हणून मालक सुटत नाही. वाहनाची नीट निगा राखली होती हेही त्याला दाखवावे लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो. तेथे दोष संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तेथे कोणती गोष्ट अधिक संभवनीय एवढेच तोलले जाते. म्हणून एकीकडे कोणी सुटला, एवढ्याने दुसरीकडचा हक्क बुडत नाही.

पण दोष दोघांचाही असला तर? येथे तर्कशास्त्र कामास येते. लहानपणी पाठशाळेत आम्हास कारणाचे लक्षण घोकावयास लावीत. जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि जे अन्यथासिद्ध नसते ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे आधी असूनही ज्याचा कार्याशी संबंध नाही असे. कुंभाराने घडा केला. त्यासाठी माती गाढवाने वाहून आणली. म्हणून गाढव हे घड्याचे कारण होत नाही. तेव्हा आम्ही हसत असू, की या गाढवाचा संसारात काय उपयोग? आता साठी उलटल्यावर कळते. अपघातानंतर मेलेल्या माणसाच्या अंगावर जग जी बोटे रोखते, त्यांतली निम्मी त्या कुंभाराच्या गाढवाकडे रोखलेली असतात. ‘परवाना नव्हता’, ‘तिघे बसले होते’, ‘इतक्या पहाटे निघालाच कशाला?’

२०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीकडचे असेच एक प्रकरण आले होते. मोटारसायकलवर तिघे होते, मागून मोटारीने धडक दिली, मागे बसलेला तरुण गेला. तिघे बसणे हा नियमभंग आहे, म्हणून उच्च न्यायालयाने भरपाईतून दहा टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. नियम मोडला हे खरे. पण त्यामुळे धडक झाली किंवा तिची इजा वाढली असे दाखविल्यावाचून मेलेल्याच्या माथी दोष मारता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. आमच्या पाठशाळेतला अन्यथासिद्ध शब्द तेथे नसेल, पण विचार तोच आहे.

पूर्वी विलायतेत याहून कठोर न्याय होता. १८०९ साली तेथील एका खटल्यात, एकाने घर दुरुस्त करताना रस्त्यात आडवा दांडा टाकून ठेवला होता. संध्याकाळी दुसरा घोडा भरधाव सोडून आला आणि त्यावर आदळून पडला. न्यायालय म्हणाले, तूही जपून आला नाहीस, तुला काही मिळणार नाही. स्वतःचा थोडा दोष असला की सगळा हक्क गेला! १९४५ मध्ये तेथे कायदा बदलला आणि दोषाच्या प्रमाणात वाटणी करावयाची असे ठरले. आपल्याकडेही न्यायाधिकरणे तशीच वाटणी करतात. आमच्या मते हीच धर्मबुद्धी. थोड्या दोषाने सगळा दोष होत नाही, आणि थोड्या निर्दोषपणाने सगळा निर्दोषपणा होत नाही.

आता त्या गेलेल्या दिव्याकडे येऊ. स्वच्छ उन्हात अपघात झाला असता तर तो दिवा कुंभाराचे गाढवच ठरता. पण धुके होते. दिवा पेटता असता तर समोरच्याला कदाचित दोन क्षण आधी दिसले असते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना गाडी सुरू होताच आपोआप पेटणारा दिवा सक्तीचा केला, तो यासाठीच. वाट दिसावी म्हणून नव्हे, तर आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून. तेव्हा तो दिवा अगदीच अन्यथासिद्ध होता, असे आम्हास मनापासून म्हणता येईना. तसेच, वळणावर, धुक्यात, रेघ ओलांडून दुसऱ्याच्या बाजूस जाणे हे मुख्य कारण होते, यातही संशय वाटेना. मुलगा आपल्या बाजूने चालला होता. रेघ ओलांडली नसती तर दिवा नसतानाही तो त्या दिवशी कामावर पोहोचला असता.

वकील माळकऱ्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखविला. २००९ आणि २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी भरपाई मोजण्याची एक रीत घालून दिली आहे. महिना १५,००० रुपये. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढील वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००. बायको, दोन मुले, आई असे चारजण अवलंबून. म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. अठ्ठाविसाव्या वर्षाला १७ चा गुणक. होतात ३२,१३,००० रुपये. त्यावर अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या किरकोळ रकमा. समजा न्यायाधिकरणाने गेलेल्या दिव्यापोटी पाचवा हिस्सा दोष मुलाकडे लावला, तर यातून ६,४२,६०० कमी होतील आणि २५,७०,४०० राहतील.

सहा लाख बेचाळीस हजार सहाशे! सांगा, बापहीन दोन लेकरांच्या घरात ही लहान रक्कम आहे काय? एका शब्दाने ती राखता येते: ‘दिवा चालू होता.’ पाहणारा कोणी नाही, ज्याला ठाऊक तो एकटा म्हातारा. खोटे बोलू नये हे शिकविणे सोपे. जेथे खोट्याची किंमत नातवंडांच्या ताटात पडते तेथे ते सांगावयास छाती लागते. आम्हीही थबकलो.

पण मग नाथमहाराजांची गोष्ट आठवली. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक येत होती. ती सापडेपर्यंत नाथ रात्रभर बसले, आणि सापडली तेव्हा टाळी पिटून हसले. एका पैने स्वामींचे काय बिघडणार होते? काही नाही. पण हिशेब खोटा राहिला असता. दोषाचाही हिशेबच आहे. त्यात एक आकडा मुद्दाम चुकीचा घातला की खाली उतरलेली सगळी बेरीज खोटी. मग जो खरा दोष मोटारवाल्याचा, तोही आपण खोट्या कागदावर मिळविलेला ठरतो. कोणी म्हणतो, पैसा विमा कंपनीचा, कोणाच्या घरचा नव्हे. अहो, कंपनीच्या पेटीत पैसा कोठून येतो? ज्या हजारोंनी विम्याचे हप्ते भरले त्यांच्या खिशातून. त्यांत आपणही आहोत. शिवाय ती लेकरे मोठी होतील, विचारतील की बाबा कसे गेले. त्यांना आजोबा कोणती गोष्ट सांगणार? घरातली की कोर्टातली? दोन गोष्टी ज्या घरात नांदतात तेथे गेलेला माणूस नीट जातही नाही आणि राहतही नाही.

म्हणून आमचे उत्तर असे झाले: दावा लावावा, आणि दिव्याची गोष्ट लपवू नये. जे खरोखर लेकरांचे आहे ते सोडणे हा त्याग नव्हे. जे लेकरांचे नाही ते मिळविणे ही माया नव्हे.

राहिला क्षमेचा प्रश्न, आणि तो आम्हास सर्वांत कठीण वाटला. कारण क्षमा केली होती, ती खरी होती, आणि तशी क्षमा आम्हास करता आली असती की नाही हे विठ्ठलच जाणे. क्षमा केल्यावर दावा लावणे म्हणजे दिलेले परत मागणे नव्हे काय?

याचे उत्तर आम्हास देहूत सापडले. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांना ठाऊक. पण चरित्रकार सांगतात ते पुढचे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. खते बुडविण्यापूर्वी त्यांचे दोन भाग झाले. अर्धी धाकटे बंधू कान्होबांना दिली, कारण त्यांना संसार चालवावयाचा होता. आणि उरलेली अर्धी, जी स्वतःच्या वाट्याची, तीच इंद्रायणीत सोडली. केवढे हे तारतम्य! ज्यांना धन मातीसमान झाले होते त्या महापुरुषाने भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपले सोडावयाचा अधिकार आपल्याला. दुसऱ्याचे सोडावयाचा नाही.

आता या म्हाताऱ्याने काय क्षमा केले? आपला राग. आपला सूड. एका बापाच्या काळजातले विष त्याने इंद्रायणीत सोडले. ते त्याचेच होते, त्याने सोडले, ते परत मागावयाचे नाही. पण सुनेचे उरलेले आयुष्य, नातवंडांचे दूध, पाटी आणि फी ही खते त्याच्या नावाची नव्हेत. ती कान्होबाच्या वाट्याची आहेत. ती बुडवून ‘आम्ही क्षमा केली’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले वाढून पुण्य लाटणे. मोटारवाल्याच्या नातेवाईकांनाही हेच सांगणे आहे. क्षमा मिळाली म्हणून देणे फिटले असे नसते. उलट ज्याला क्षमा मिळाली त्याने देणे अधिक आनंदाने द्यावे. आणि कायद्याने प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आहे. तो चालू असेल तर ही रक्कम बहुधा त्याच्या घरावर येणारही नाही. त्याने न्यायासनापुढे एवढेच म्हणावयाचे आहे, ‘होय, रेघ मी ओलांडली.’ पायावर डोके ठेवणे सोपे. हे वाक्य कठीण. खरा पश्चात्ताप दुसऱ्यात आहे.

‘रक्ताचा पैसा’ या शब्दाविषयीही सांगतो. भरपाई ही मुलाची किंमत नव्हे. मुलाची किंमत कोणते न्यायासन करणार? त्याच्या हातांनी जे घर उभे होते त्याला दिलेला तो टेकू आहे. म्हणून तो टेकूसारखाच वापरावा. गावात कोणी सुचविले होते की, पैसा आला तर थोडा देवळाच्या सभामंडपास द्यावा, एक सप्ताह घालावा. आम्ही म्हणालो, एक पैही नको. विठोबाला पोरक्या लेकरांच्या वाट्यातले अन्नदान नको असते. लेकरांचा वाटा न्यायाधिकरण बहुधा त्यांच्या नावे ठेव म्हणून बँकेत ठेवावयास सांगते, तेथेच तो राहू द्यावा; आणि सुनेचा वाटा सुनेच्या हाती, सासऱ्याच्या किंवा दिराच्या हाती नव्हे.

जाता जाता माळकऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या चार व्यावहारिक गोष्टी. अपघात झाल्यावर जखमीस उचलण्यास घाबरू नये. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात त्याला संरक्षण दिले आहे. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना लागू आहे. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यावयाचा असतो. त्याची प्रत मागून घ्यावी. दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजारांची तरतूद आहे. आणि दाव्याला दुरुस्त कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्याविषयी न्यायालयांत वाद चालू असला तरी त्या भरवशावर बसू नये. प्रारब्ध म्हणत बसलेली घरे येथेच बुडतात.

सकाळी ते आले. आम्ही हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगितले नाही. दिंडी निघावयाची होती. तीनच वाक्ये सांगितली. “माउली, तुमची क्षमा तुमची होती, ती राहू द्या. लेकरांचं लेकरांना मागून द्या. दिव्याचं खरं सांगा.”

ते म्हणाले, “आणि माझा दोष महाराज? त्या बल्बचा?”

आम्ही म्हणालो, “असेल थोडा. तुमच्या वाट्याचा जेवढा असेल तेवढाच घ्या, सगळा घेऊ नका. सगळा दोष अंगावर घेणं हासुद्धा चुकीचा हिशेब आहे. ज्यानं रेघ ओलांडली त्याचा वाटा त्याच्याकडे राहू द्या. तुमच्या वाट्यापुरतं विठोबापुढे रडा, आणि मग घरात जी दुसरी गाडी असेल तिचा दिवा बघा.”

ते काही बोलले नाहीत. दिंडी निघाली तसे टाळ गळ्यात अडकवून लोणावळ्यापर्यंत आमच्याबरोबर चालले. तेथे थांबून म्हणाले, “आज वकिलाकडं जातो. बल्बचं आधी सांगतो, मग बाकीचं.” आणि परत फिरले. दाव्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. किती मिळेल ते न्यायाधिकरण ठरवील. आमच्या दृष्टीने त्या माणसाच्या हिशेबातली पै त्या दिवशी लोणावळ्यातच सापडली होती.

रामकृष्णहरि.